दोन तारा, चौसष्ट दिवे: मोठ्या इमारतींत उजेड कमी-जास्त कसा होतो

मोठ्या ऑफिसच्या फॉल्स सीलिंगची एखादी टाइल सरकवून वर डोकावलं, तर दिव्याच्या फिटिंगकडे जाणाऱ्या केबलमध्ये बऱ्याचदा तीनऐवजी पाच तारा सापडतात. फेज, न्यूट्रल आणि अर्थिंग ओळखीच्या. उरलेल्या दोन तारांवर दिवा पेटत नाही, त्यांतून फक्त सूचना जातात: उजेड इतका कर, हळूहळू कर, आता विझ. आणि विचारलं, तर दिवा त्याच तारांवरून उत्तरही देतो. इमारतींच्या प्रकाशयोजनेत जगभर सर्वाधिक रुळलेल्या डिजिटल पद्धतींपैकी ही एक. तिचं पूर्ण नाव डिजिटल ॲड्रेसेबल लायटिंग इंटरफेस, पण कामावरची माणसं तिला नुसतं ‘डाली’ म्हणतात.

या दोन तारांचा वेग ऐकला तर आजच्या काळात हसू येईल. तरी चौसष्ट दिवे एका क्षणात, एका लयीत मंद होतात. ते कसं, हे कळलं की बाकीची बरीचशी पद्धत आपोआप कळते. पण आधी जुन्या पद्धतींची अडचण काय होती ते पाहू.

घरातल्या स्विचबोर्डावरचा गोल डिमर विजेच्या लहरीचा तुकडा कापतो. ५० हर्ट्झच्या विजेत सेकंदाला १०० अर्धलहरी येतात. डिमर प्रत्येक अर्धलहरीचा थोडा भाग अडवतो आणि उरलेला दिव्यापर्यंत जाऊ देतो. पिवळ्या बल्बला हे चालायचं, कारण त्याची तापलेली तार इतक्या झटपट थंड होत नाही. कापलेल्या लहरींची सरासरी ती स्वतःच काढायची. एलईडीचं तसं नाही. एलईडीच्या मागे ड्रायव्हर असतो आणि येणारी वीज कशीही असली तरी एलईडीला ठरलेला करंट द्यायचा, हेच त्याचं काम. डिमर लहरी कापतो, ड्रायव्हर ती तूट भरून काढायला बघतो. या ओढाताणीत दिवा फडफडतो, गुणगुणतो, किंवा वीस टक्क्यांच्या खाली गेला की एकदम विझतो. मूळ घोटाळा असा, की दिव्याची शक्ती आणि दिव्याला द्यायची सूचना एकाच तारेत कोंबलेली असते. लहर कापण्याच्या या पद्धतीला, म्हणजे फेज-डिमिंगला, जुळणारे चांगले ड्रायव्हर मिळतात आणि एखाद्या खोलीपुरतं ते काम उत्तम करतात, पण हजार दिव्यांच्या इमारतीत हा खेळ परवडत नाही.

पुढची पायरी म्हणजे १ ते १० व्होल्टची पद्धत. इथे सूचनेसाठी वेगळी जोडी आली. जोडीवर १० व्होल्ट असले की पूर्ण उजेड, १ व्होल्ट असला की सर्वांत मंद. साधी, स्वस्त, अजूनही वापरात. पण या जोडीवरून दिवा पूर्ण विझवता येत नाही, त्यासाठी मेन लाइनवर वेगळा स्विच किंवा रिले (विजेने चालणारा स्विच) लागतो. तार लांबली की व्होल्टेजमध्ये थोडा फरक पडतो आणि शेवटच्या दिव्यांचा उजेड पहिल्यांपेक्षा किंचित वेगळा दिसतो. त्याहून मोठी अडचण गटांची. कुठले दिवे एकत्र मंद होणार हे तारेच्या जोडणीनेच ठरतं. वर्षभराने कोणी पार्टिशन चार फूट सरकवलं, की वायरमनला शिडी लावून पुन्हा वर चढावं लागतं.

तार बोलते काय?

डाली १९९०च्या दशकाच्या अखेरीस आकाराला आली. तिच्या आधी, १९९१ साली, ट्रायडोनिक कंपनीने डीएसआय नावाची डिजिटल पद्धत आणली होती. तिच्यात एका जोडीवरचे सगळे दिवे एकच हुकूम पाळत, दिव्यांना स्वतंत्र पत्ते नव्हते. डालीने पत्ते आणले आणि ती एका कंपनीची न राहता सर्वांची पद्धत झाली. आज तिचं आंतरराष्ट्रीय मानक आयईसी ६२३८६ या क्रमांकाने ओळखलं जातं.

एका डाली लाइनवर, म्हणजे तारांच्या एका जोडीवर, जास्तीत जास्त ६४ ड्रायव्हर बसतात. त्यांना ० ते ६३ असे पत्ते मिळतात. शिवाय १६ गट आणि १६ सीन, म्हणजे आधी ठरवून ठेवलेल्या उजेडाच्या मांडण्या. एक दिवा हवे तितक्या गटांत असू शकतो. म्हणजे खिडकीशेजारचा दिवा ‘खिडकीची रांग’ या गटात, ‘मीटिंग रूम’ या गटात आणि ‘अख्खा मजला’ या गटातही.

जोडीवर शांत वेळी साधारण १६ व्होल्ट असतात. बोलायचं असेल तेव्हा बोलणारं उपकरण ही जोडी क्षणभर शॉर्ट करतं, म्हणजे व्होल्टेज शून्याजवळ येतं, आणि पुन्हा सोडतं. या चढ-उतारांतूनच एक आणि शून्य तयार होतात. शॉर्ट केल्यावर काही जळत कसं नाही? कारण लाइनला वीज पुरवणारा पॉवर सप्लाय २५० मिलीअँपिअरच्या वर करंट जाऊच देत नाही. प्रत्येक ड्रायव्हर या जोडीवरून फार तर २ मिलीअँपिअर घेतो, त्यामुळे ६४ दिवे जोडूनही सेन्सर आणि बटणांसाठी जागा उरते. ड्रायव्हरना जोडताना अधिक-उणे सहसा पाहावं लागत नाही. तार सरळ रेषेत न्या, फांद्या फोडा, चांदणीसारखी पसरा, सगळं चालतं. फक्त टोकं जोडून कडं करायचं नाही. दीड चौरस मिलिमीटरची तार घेतली तर ३०० मीटरपर्यंत जाता येतं. एक मात्र नीट लक्षात ठेवावं. व्होल्टेज कमी आहे म्हणून ही जोडी हात लावायला सुरक्षित धरायची नसते. ती मेन लाइनच्याच केबलमधून धावते आणि तिचं इन्सुलेशनही मेनच्याच दर्जाचं लागतं.

आता वेग. सेकंदाला १२०० बिट. एका हुकुमात १६ बिट: आठ पत्त्याचे, आठ हुकुमाचे. आधी-नंतरच्या खुणा धरून असा एक हुकूम तारेवर जायला जवळपास १६ मिलिसेकंद लागतात. दोन हुकुमांमध्ये थोडी विश्रांती हवी, म्हणून सेकंदाला तीस-पस्तीस हुकूम झाले तरी खूप. ६४ दिव्यांना एकेक करून ‘मंद हो’ सांगायचं ठरवलं तर दोन सेकंद जातील आणि छतावर दिवे पॉपकॉर्नसारखे इकडे-तिकडे बदलताना दिसतील.

तसं होत नाही, कारण सगळी आठवण दिव्यातच ठेवलेली असते. प्रत्येक ड्रायव्हरला स्वतःचा पत्ता माहीत असतो, आपण कुठल्या गटांत आहोत हे माहीत असतं आणि सोळाही सीनमध्ये आपली पातळी किती हेही त्याच्याच मेमरीत असतं. प्रेझेंटेशन सुरू करताना बटण दाबलं, की तारेवरून एकच हुकूम जातो: सगळ्यांनी सीन ३. पडद्याजवळचे दिवे आपापल्या नोंदीप्रमाणे विझतात, टेबलावरचे तीस टक्क्यांवर येतात, भिंतीवरचे तसेच राहतात. किती वेळात बदलायचं, हेसुद्धा आधीच दिव्यात लिहिलेलं असतं, ०.७ सेकंदापासून ९०.५ सेकंदांपर्यंतच्या पायऱ्या मिळतात. मधल्या प्रत्येक पातळीसाठी हुकूम पाठवायचा नसतो. सुरुवात एका हुकुमाने होते, उतरणीचा हिशेब दिवा स्वतः करतो.

नाटकाच्या मंचावर वापरली जाणारी डीएमएक्स ५१२ ही पद्धत याच्या अगदी उलट विचाराची. ती १९८६ साली अमेरिकेतल्या यूएसआयटीटी या रंगमंच-तंत्रज्ञांच्या संस्थेने ठरवली. तिचा वेग सेकंदाला अडीच लाख बिट, आणि ५१२ चॅनलच्या पातळ्या ती सेकंदाला ४४ वेळांपर्यंत पुन्हापुन्हा पाठवत राहते. दिव्याने काही लक्षात ठेवायचं नाही, आत्ता जे ऐकलं तेच करायचं. मंचावर तेच योग्य. ऑफिसात दिवसातून दहा-वीस वेळा बदलणाऱ्या उजेडासाठी एवढा आरडाओरडा कशाला?

डोळ्याचा हिशेब

डालीत पातळीचा आकडा ० ते २५४ असतो. ० म्हणजे बंद, २५४ म्हणजे १०० टक्के. मग १२७ म्हणजे अर्धा उजेड? इथेच नवीन माणूस हमखास अडकतो. १२७ या पातळीला प्रत्यक्ष उजेड असतो सुमारे ३ टक्के.

आपला डोळा उजेडातला फरक मोजतो तो प्रमाणात. अंधाऱ्या खोलीत एक मेणबत्ती होती, दुसरी लावली, तर फरक ठळक जाणवतो. शंभर मेणबत्त्यांत एक वाढवली तर कोणाच्या लक्षातही येणार नाही. २५४ पायऱ्या सारख्या उंचीच्या केल्या असत्या, तर १ वरून २ वर जाताना उजेड थेट दुप्पट झाला असता आणि खाली प्रत्येक पायरीला झटका दिसला असता. वरच्या टोकाला मात्र २५३ आणि २५४ यांत फरक शोधूनही सापडला नसता. म्हणून डालीची प्रत्येक पायरी आधीच्यापेक्षा साधारण २.८ टक्क्यांनी जास्त उजळ असते. पातळी १ ला उजेड ०.१ टक्का, ८५ ला सुमारे १ टक्का, १७० ला १० टक्के आणि २५४ ला १००. खरा अर्धा उजेड हवा असेल तर पातळी २२९ लागते. डोळ्याला हा चढ जवळपास एकसारखा वाटतो.

व्यवहारात यातून मोठी गंमत होते. एका सॉफ्टवेअरमध्ये ‘५० टक्के’ म्हणजे पातळी १२७, दुसऱ्यात तेच ५० टक्के म्हणजे खरोखरचा अर्धा उजेड. काही एलईडी ड्रायव्हरमध्ये सरळ रेषेचा चढही निवडता येतो. शेजारच्या दोन दिव्यांत एकाचा चढ डोळ्याच्या हिशेबाने आणि दुसऱ्याचा सरळ असेल, तर पूर्ण उजेडात दोघे जुळे भाऊ दिसतात आणि मंद केले की एकमेकांना ओळखही देत नाहीत. छतावर एखादा दिवा मंद असतानाच वेगळा दिसला, तर तो बिघडलाय असं ठरवण्याआधी ही सेटिंग तपासावी.

पातळी समजल्यावर ड्रायव्हर एलईडीचा उजेड दोन प्रकारे उतरवतो. एक म्हणजे करंटच कमी करणं. दुसरा पीडब्ल्यूएम, म्हणजे एलईडी अतिशय वेगाने चालू-बंद करत राहणं आणि चालूचा वेळ घटवत नेणं. हा वेग कमी असेल तर मोबाइलच्या कॅमेऱ्यात पट्टे धावतात आणि काही लोकांचं डोकं दुखतं. वेग पुरेसा असेल तर कळतही नाही. बरेच ड्रायव्हर वरच्या टप्प्यात करंट कमी करतात आणि अगदी खाली गेल्यावर पीडब्ल्यूएमकडे वळतात. यावर डालीचं नियंत्रण नाही. डाली फक्त आकडा पोचवते. तो आकडा किती सुबकपणे उजेडात उतरतो, हे ड्रायव्हरच्या दर्जावर आहे. ‘डाली लावूनही दिवे फडफडतात’ ही तक्रार म्हणूनच चुकीच्या दारी नेलेली असते.

पत्ता मिळतो कसा?

कारखान्यातून आलेल्या ड्रायव्हरला पत्ता नसतो. ६४ दिवे बसवले, सगळे एकाच जोडीवर, सगळे सारखे. त्यांना वेगवेगळे पत्ते द्यायचे कसे?

मला या सगळ्या पद्धतीत सर्वांत आवडणारा भाग हाच. कंट्रोलर, म्हणजे लाइनवर हुकूम सोडणारं उपकरण, सगळ्यांना सांगतो, प्रत्येकाने मनात एक आकडा धरा. प्रत्येक ड्रायव्हर २४ बिटचा, म्हणजे १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ शक्यतांपैकी एक आकडा निवडतो. दोघांनी एकच आकडा धरण्याची शक्यता अगदी थोडी. मग कंट्रोलर विचारतो, कोणाचा आकडा अमुकपेक्षा कमी किंवा तेवढाच आहे? ज्यांचा आहे ते सगळे एकदम ‘हो’ म्हणतात. अनेकांचे ‘हो’ एकमेकांवर आदळले तरी बिघडत नाही, कारण तारेवर हालचाल दिसली एवढंच पुरेसं असतं. शांतता राहिली तर उत्तर ‘नाही’. दर प्रश्नाला शक्यता निम्मी होत जाते आणि सुमारे २४ प्रश्नांत सर्वांत लहान आकड्याचा ड्रायव्हर सापडतो. त्याला पत्ता दिला जातो, या फेरीत पुन्हा बोलू नकोस असं सांगितलं जातं, आणि पुढच्याचा शोध सुरू. काही मिनिटांत अख्ख्या लाइनला पत्ते मिळतात.

पण खरं कष्टाचं काम त्यानंतर येतं. पत्ते वाटले गेले ते मनातल्या आकड्यांच्या क्रमाने, छतावरच्या जागांच्या क्रमाने नव्हे. पत्ता १७ खिडकीशी आहे की दाराशी, हे कंट्रोलरला माहीत नाही. मग एक माणूस लॅपटॉप घेऊन बसतो, एकेक पत्ता लुकलुकवतो, दुसरा माणूस खाली फिरून कुठला दिवा लुकलुकला ते नकाशावर लिहितो. याला कमिशनिंग म्हणतात. इमारतीचं उद्घाटन जवळ आलं की कात्री लागते ती नेमकी याच कामाला, आणि पुढची पाच वर्षं एकाच बटणाने भलतेच दिवे लागत राहतात.

सेन्सर आले की

सुरुवातीच्या डालीत मानकाचा भर ड्रायव्हरवर होता. बटणं आणि सेन्सर प्रत्येक कंपनी आपापल्या रीतीने जोडायची. २०१४च्या सुधारित मानकाने, ज्याला डाली-२ म्हणतात, सेन्सर आणि बटणांनाही नियमांत आणलं. त्यांना स्वतःचे ६४ पत्ते मिळाले आणि कोणी विचारायची वाट न बघता ‘बटण दाबलं गेलं’, ‘माणूस आला’ असं स्वतःहून सांगायची सोय झाली. वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं खरोखर एकत्र चालतात का, याची चाचणीही आता प्रमाणपत्रासाठी द्यावी लागते.

हालचाल ओळखणारा नेहमीचा पीआयआर सेन्सर माणूस ओळखत नाही. शरीराची उष्णता एका भागातून दुसऱ्या भागात सरकली, की त्याला कळतं. तासभर स्थिर बसून वाचणारा माणूस त्याच्या लेखी खोलीत नसतोच. म्हणून एकदम अंधार करण्यापेक्षा आधी वीस टक्क्यांवर आणून थोडा वेळ थांबणं बरं. छोट्या खोल्यांत तर माझ्या मते एकच व्यवस्था चांगली: दिवा माणसाने लावावा, विसरला तर सेन्सरने विझवावा. आपोआप लागणारा दिवा भर दुपारी, उन्हाने भरलेल्या खोलीतही लागतो.

उन्हाचा उजेड मोजणारा सेन्सर जास्त नाजूक. ऑफिसच्या टेबलावर साधारण ५०० लक्स (पृष्ठभागावर पडणारा उजेड मोजायचं एकक) हवेत असं धरलं जातं, पण सेन्सर टेबलावर नसून छतावर असतो. टेबलावरून उलटून वर आलेला उजेड तो पाहतो आणि त्यावरून अंदाज बांधतो. शिवाय त्याच्या नजरेत ऊनही येतं आणि त्याने स्वतः कमी-जास्त केलेल्या दिव्यांचा उजेडही. खोली रिकामी असताना, गडद गालिच्यावर सेन्सरची मापं जुळवली आणि नंतर खाली पांढरी टेबलं आली, तर त्याला वाटतं उजेड भरपूर आहे, आणि तो दिवे नको तितके मंद करतो. लोक कंटाळून सेन्सरवर चिकटपट्टी लावतात. फर्निचर आल्यावर पुन्हा मोजणी केली असती, तर चिकटपट्टी लागली नसती. ढग आला-गेला की दिवे वरखाली होऊ नयेत म्हणून बदलही सावकाश ठेवावा लागतो, मिनिटांच्या हिशेबात.

तार तुटली तर?

जोडीवरचं व्होल्टेज अर्धा सेकंद नाहीसं झालं, की प्रत्येक ड्रायव्हर समजतो की गडबड आहे आणि आधी ठरवलेल्या पातळीवर जातो. कारखान्यातून ती पातळी १०० टक्के असते. कंट्रोलशी संबंध तुटला तर अंधार होण्यापेक्षा पूर्ण उजेड बरा, हा त्यामागचा विचार. त्यामुळे एखादा मजला अचानक पूर्ण तेजाने पेटला आणि कुठलंच बटण ऐकत नसेल, तर दिव्यांकडे बघत बसू नये. लाइनचा पॉवर सप्लाय मेला आहे, किंवा कोणी स्क्रू ठोकताना जोडी शॉर्ट केली आहे. वीज जाऊन परत आल्यावर किती उजेडाने लागायचं, याची वेगळी नोंद असते. तिचीही मूळ पातळी १०० टक्केच.

बॅटरीवरच्या इमर्जन्सी दिव्यांची चाचणी घेण्याचा हुकूमही याच तारेवरून देता येतो आणि बॅटरी किती वेळ टिकली ते वाचता येतं. एरवी हे काम वही घेऊन मजल्या-मजल्यावर फिरून करावं लागतं.

मोठ्या इमारतीत अशा अनेक लाइन असतात. त्या गेटवेमार्फत, म्हणजे दोन पद्धतींमधल्या दुभाष्या उपकरणामार्फत, केएनएक्स किंवा बॅकनेटसारख्या अख्ख्या इमारतीच्या नेटवर्कला जोडतात, म्हणजे एसी, पडदे आणि दिवे एकमेकांची खबर ठेवतात. जुन्या इमारतीत नवीन तारा ओढणं शक्य नसेल तिथे झिगबी किंवा ब्लूटूथ मेशसारखी बिनतारी व्यवस्था चालते.

दिव्याची आठवण दिव्यातच असण्याची किंमत मोजावी लागते ती दुरुस्तीच्या वेळी. ड्रायव्हर जळला, वायरमनने त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा नवा बसवला, दिवा लागला, काम झालं? नाही. नव्या ड्रायव्हरला पत्ता नाही, गट नाही, सीन नाही. ‘सगळ्यांनी’ असा हुकूम आला तरच तो ऐकतो, एरवी पूर्ण उजेडात जळत बसतो. लाइनवर एकच ड्रायव्हर बदलला असेल, तर काही कंट्रोलर हरवलेला पत्ता ओळखून जुन्या नोंदी आपोआप भरतात. दोन-तीन एकदम बदलले की ती सोय कामाची राहत नाही. तेव्हा लागते ती कमिशनिंगची फाइल, म्हणजे कुठल्या जागेला कुठला पत्ता, कुठले गट, कुठली पातळी. काम ताब्यात घेताना ही फाइल आणि नकाशा मागून घ्यावा आणि शेवटचे पैसे त्यानंतरच द्यावेत. लाइनवर पहिल्याच दिवशी ६४ दिवे भरून टाकू नयेत, पुढे वाढवायला जागा ठेवावी, हेही तेव्हाच बघून घ्यावं.

विजेचा एक हिशेबही यात सुटून जातो. डालीने ‘बंद’ सांगितलेला ड्रायव्हर पुढच्या हुकुमाची वाट बघत जागाच असतो आणि थोडी वीज खात राहतो. दिव्यागणिक ती क्षुल्लक, पण हजारो दिवे रात्रभर असे जागत असतील तर लाइनच्या मेन पुरवठ्यावर रिले टाकून तो तोडणं फायद्याचं ठरतं. आणि ज्या स्टोअर रूममध्ये माणूस दिवसातून दोनदा, पाच मिनिटांसाठी जातो, तिथे यातलं काहीच लावू नये. साधा स्विच पुरतो.